आवाज आला की विचार करायचा नाही

काका आणि पुतणी यांचं एका प्रश्नावर पटत नाही. विमान डोंगराच्या दिशेने चाललं आहे हे यंत्राला कळलं, तर त्याने नुसतं ओरडावं, की पायलटच्या हातून विमान काढून घेऊन स्वतःच वर न्यावं? काका निवृत्त कॅप्टन. उमेदीची सगळी वर्षं प्रवासी जेट उडवण्यात गेली. पुतणी बंगळुरूला कॉकपिटमधल्या उपकरणांच्या चाचण्या घेते. मी काकांचा शेजारी. दिवाळीच्या फराळाला गेलो आणि चकल्या संपल्या तरी वाद संपेना, म्हणून कागद मागून घेतला. खाली आहे ते त्यातलं बरंचसं. घरगुती टोमणे तेवढे गाळले आहेत.

काका: तुमची पिढी सुरुवात यंत्रापासून करते. सुरुवात डोंगरापासून करायला हवी. आपल्याकडचंच घे. 7 जुलै 1962. अलितालियाचं डीसी-8 सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईला येत होतं. रात्रीची वेळ, ऐन पावसाळा. सांताक्रूझ अजून ऐंशीएक किलोमीटर लांब होतं आणि वैमानिकांच्या हिशेबाने ते जवळ आलं होतं. लागले उतरायला. मध्ये सह्याद्री. जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं, 94 माणसं गेली. चौकशीत चूक निघाली ती दिशेच्या आणि अंतराच्या हिशेबाची.

पुतणी: आणि होमी भाभा. 24 जानेवारी 1966, एअर इंडियाचं 707, ‘कांचनजंगा’. माँ ब्लाँ. 117 माणसं.

काका: तिथे तर जिनिव्हाच्या कंट्रोलरने दुरुस्ती सांगितली होती. वैमानिकाला वाटलं शिखर ओलांडलं. कंट्रोलर सांगत होता की अजून ओलांडायचंय. शब्द पोचले, अर्थ पोचला नाही. उतरणं चालूच राहिलं. सांगायचं काय, की अशा अपघातात विमान मोडलेलं नसतं. इंजिनं चालू, वैमानिक शुद्धीवर, सगळं त्यांच्या ताब्यात. फक्त आपण कुठे आहोत ही मनातली समजूत चुकलेली असते. आणि समजूत चुकली आहे हे समजूत चुकलेल्या माणसाला आतून कळत नाही. बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं.

पुतणी: म्हणजे यंत्राने.

काका: म्हणजे *सांगावं*. ओढावं असं मी म्हटलं नाही.

पुतणी: बरं, तर सांगणाऱ्या यंत्राची गोष्ट मी सांगते. डॉन बेटमन नावाचा कॅनडातला इंजिनिअर, अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ काम करायचा. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याने बघितलं की विमानात रेडिओ अल्टिमीटर आधीपासून आहेच. हवेच्या दाबावर चालणारा अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. हा रेडिओ लहर खाली सोडतो, ती जमिनीवर आपटून परत येते, त्यावरून पोटाखालची जमीन किती फुटांवर आहे ते सांगतो. 2,500 फुटांपर्यंतच चालतो, पण चालतो अचूक. बेटमनने काय केलं, तर तो आकडा किती वेगाने कमी होतोय हे एका डबीला मोजायला लावलं. विमान उतरतंय त्याहून जास्त वेगाने जमीन जवळ येत असेल तर जमीन चढतेय, म्हणजे समोर डोंगर आहे. डबीने ओरडायचं.

काका: तेवढंच नाही. विमान फार वेगाने खाली जात असेल तर “सिंक रेट”. उड्डाणानंतर उंची गाठायच्या ऐवजी खाली यायला लागलं तर “डोन्ट सिंक”. चाकं न काढता जमिनीजवळ आलात तर “टू लो, गिअर”. उतरण्याच्या रेडिओ किरणाखाली गेलात तर “ग्लाइडस्लोप”. आणि सगळ्यांत शेवटी ते “पुल अप”. त्याच्या आधी भोंग्यासारखा आवाज, दोनदा. एकदा सिम्युलेटरमध्ये ऐकला की माणूस जन्मात विसरत नाही.

पुतणी: 1 डिसेंबर 1974 ला टीडब्ल्यूएचं एक 727 वॉशिंग्टनजवळ डलेस विमानतळाकडे उतरताना माउंट वेदरच्या डोंगररांगेवर आदळलं. 92 माणसं गेली. “अप्रोचला परवानगी आहे” या शब्दांचा वैमानिकांनी अर्थ लावला की 1,800 फुटांपर्यंत आताच उतरायला हरकत नाही. कंट्रोलरच्या मनात तसं नव्हतं. त्याच महिन्यात अमेरिकेने मोठ्या विमानांना ही डबी सक्तीची केली.

काका: आणि वैमानिकांनी तिला शिव्या घालायला सुरुवात केली.

हे वाक्य काका चहाचा कप खाली ठेवत, जरा समाधानानेच म्हणाले. पण पुढे जे सांगितलं त्यात तक्रारीपेक्षा हिशेब जास्त होता. सुरुवातीची उपकरणं कुठल्याही टेकडीवरून जाताना, कधी कधी सपाट मुलखातही ओरडायची. ज्या विमानतळाच्या वाटेवर दरी किंवा कडा आहे तिथे रोज त्याच जागी ओरडायची. फ्रान्समध्ये एअर इंटर नावाची देशांतर्गत कंपनी होती. उगाच ओरडण्याच्या त्रासामुळे तिने आपल्या विमानांत हे उपकरण बसवलंच नव्हतं. 20 जानेवारी 1992 ला तिचं एअरबस ए-320 स्ट्रासबर्गला उतरताना माँ सेंत-ओदिलच्या डोंगरात गेलं. 96 पैकी 87 माणसं दगावली. बहुधा वैमानिकांनी उतरण्याचा कोन 3.3 अंश द्यायचा म्हणून 33 हा आकडा घातला, आणि यंत्र त्या क्षणी मिनिटाला 3,300 फूट असा अर्थ घेण्याच्या स्थितीत होतं. ओरडायला कुणी नव्हतं.

काका: दुसरी अडचण उघड होती. ते खालीच बघायचं. अंधारात काठी टेकत चालणाऱ्या माणसाची काठी फक्त पायाखाली पडावी, तसं. चढ हळूहळू असेल तर कळायचं. कडा सरळ उभा असेल तर कड्याशी पोचल्यावरच. अंटार्क्टिकात एरेबस पर्वतावर 28 नोव्हेंबर 1979 ला एअर न्यूझीलंडचं डीसी-10 गेलं, 257 माणसं. आदल्या रात्री कंपनीने कॉम्प्युटरमधला मार्ग बदलला आणि वैमानिकांना सांगितलं नाही. समोर बर्फ आणि ढग एकाच पांढऱ्या रंगाचे. “पुल अप” आलं ते सहाएक सेकंद आधी. कॅप्टनने शांतपणे पॉवर मागितली. सहा सेकंदांत एवढं मोठं विमान वळत नाही ग.

पुतणी: तुम्ही सहा सेकंदांचं उदाहरण घेता. मी तेराचं घेते. काली, कोलंबिया. 20 डिसेंबर 1995.

काका: घे. पण नीट सांग, घाई करू नकोस. तो अपघात घाईचाच आहे.

पुतणी: अमेरिकन एअरलाइन्सचं 757, मायामीहून उशिरा निघालेलं. रात्रीचे पावणेदहाच्या आसपास. कालीचं विमानतळ लांबट दरीत, दोन्ही बाजूंना डोंगर. उत्तरेकडून येऊन वळसा घालून दक्षिणेकडून उतरायचं ठरलं होतं. कंट्रोलरने विचारलं, वळसा न घालता सरळच उतरता का? वैमानिक हो म्हणाले. आता उंची जास्त होती, म्हणून लवकर उतरायला पंखांवरचे स्पीडब्रेक उघडले. रोझो नावाच्या बीकनकडे जायचं म्हणून कॉम्प्युटरमध्ये ‘आर’ टाकलं आणि पहिलं नाव निवडलं. ते रोझो नव्हतं, बोगोटाजवळचं रोमेओ होतं. विमान डावीकडे, पूर्वेकडच्या डोंगरांत वळलं. त्यांच्या लक्षात आलं, उजवीकडे परत वळवलं, पण आता ते दरीत नव्हतेच. मग डबी ओरडली. “टेरेन, टेरेन. पुल अप.” दोघांनी अजिबात वेळ घालवला नाही. ऑटोपायलट काढला, पूर्ण पॉवर, नाक वर. आणि स्पीडब्रेक तसेच उघडे. डोंगराच्या माथ्याच्या थोडं खाली आदळलं. 159 गेले, चार वाचले.

काका: त्या 757 मध्ये पूर्ण पॉवर दिली तरी स्पीडब्रेक आपोआप बंद होत नव्हते. तो लिव्हर कॅप्टन आणि को-पायलट यांच्या मधल्या पेडेस्टलवर असतो, थ्रॉटलच्या डाव्या अंगाला, हाताच्या अंतरावर. तेरा सेकंद होती आणि कुणाचा हात तिकडे गेला नाही.

पुतणी: म्हणूनच म्हणते! तिथे यंत्राने विमान घेतलं असतं तर पहिलं काम स्पीडब्रेक बंद करण्याचं केलं असतं. यंत्र लिव्हर विसरत नाही.

काका: यंत्राने स्पीडब्रेक बंद करावेत याला माझा विरोध कधी होता? काही विमानांत ते पूर्ण पॉवर दिल्यावर आपोआप आत जातात, छान आहे. पण लिव्हर बंद करणं आणि विमान उडवणं यात फरक आहे. आणि त्या रात्री डोंगर आधी एक मिनिट दिसला असता, तर ही चर्चाच झाली नसती. ते मिनिट त्या बेटमननेच पुढच्या वर्षी दिलं.

पुतणी ही गोष्ट मनापासून सांगते, म्हणून मी तिला मधे थांबवलं नाही. बेटमनला हवा होता जगाचा नकाशा, जमिनीच्या उंचीसकट, कॉम्प्युटरमध्ये मावेल असा. पाश्चात्त्य देशांकडे स्वतःचा मुलूख होता. आशिया, पूर्व युरोप इथल्या मोठ्या भागाचे बारीक नकाशे होते ते सोव्हिएत लष्कराकडे, आणि ते गुप्त. सोव्हिएत युनियन मोडल्यावर ते बाजारात आले आणि बेटमनच्या मंडळींनी ते विकत घेतले. शीतयुद्धात रणगाडे आणि क्षेपणास्त्रं कुठून न्यायची यासाठी काढलेल्या समोच्च रेषा अशा रीतीने प्रवासी विमानाच्या पडद्यावर आल्या. 1996 पासून सुधारित यंत्रणा विमानांत बसू लागली. उपग्रहावरून विमान कुठे आहे ते कळतं, नकाशावरून समोर काय आहे ते कळतं, आणि या दोन्हींची सांगड घालून यंत्र पुढे बघतं. साधारण मिनिटभर आधी “कॉशन, टेरेन” आणि पडद्यावर पिवळा ठिपका. अर्ध्या मिनिटावर आलं की लाल आणि “पुल अप”. बेटमन 2023 साली वारला. विमानप्रवासात एका माणसाने सर्वांत जास्त जीव वाचवले असतील तर त्याने, असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटतं, पण त्याचं नाव माहीत असलेले प्रवासी मला तरी भेटलेले नाहीत.

काका: आता माझी बाजू ऐक. ती डबी पुढे बघायला लागली तेव्हा उगाच ओरडणं फार कमी झालं. आणि म्हणूनच कंपन्यांना एक नियम करता आला, जो आधी कागदावर असूनही कुणी मनावर घेत नव्हतं. “पुल अप” ऐकलं की विचार करायचा नाही. ऑटोपायलट काढायचा, थ्रॉटल पूर्ण पुढे, पंख समतोल, नाक वर, बोइंगवर पहिल्यांदा वीस अंशांपर्यंत, स्पीडब्रेक आत. चाकं आणि फ्लॅप जसे असतील तसे राहू द्यायचे. कंट्रोल कॉलम हातात थरथरायला लागला की तिथवर ओढायचं, पुढे नाही. शेजारच्याने रेडिओ अल्टिमीटरचे आकडे मोठ्याने वाचायचे. काय झालं, का झालं, नकाशा चुकला का, यंत्र बिघडलं का, हे सगळं डोंगर मागे पडल्यावर. हा नियम म्हणजे खरा शोध. डबी नव्हे.

पुतणी: आणि नियमाला अपवाद पण आहे.

काका: आहे. लख्ख दिवस, ढग नाहीत, आणि समोर काही नाही हे डोळ्यांनी आधीच पाहिलेलं असेल, तरच पुढे जा. रात्री नाही. ढगात नाही. “मला वाटतं” वर तर अजिबात नाही.

पुतणी: काका, नियम उत्तम आहे. पण माणसं तो पाळत नाहीत त्याचं काय? 1983 साली माद्रिदला एव्हिआंकाचं 747 टेकड्यांत गेलं, 181 माणसं. यंत्र ओरडत होतं. वैमानिकांमध्ये एक दंतकथा फिरते की कॅप्टन त्या इंग्रजी आवाजाला शिवी देऊन गप्प बस म्हणाला. तसं काही झालं नाही. तो फक्त “बुएनो, बुएनो” म्हणाला. बरं, बरं. घरात आई हाक मारते तेव्हा आपण म्हणतो तसं. मला ते शिवीपेक्षा भयंकर वाटतं.

काका: मलाही.

पुतणी: 9 मे 2012. जकार्ता. सुखोईचं नवं सुपरजेट गिऱ्हाइकांना दाखवायला नेलं होतं. कॅप्टन कॉकपिटमध्ये बसलेल्या पाहुण्याला माहिती देत होता, बाहेर ढग. सालाक पर्वत. आदळण्याच्या 38 सेकंद आधी यंत्र बोललं, मग सहा वेळा परत बोललं. कॅप्टनला वाटलं नकाशात गडबड आहे, त्याने ते बंद केलं. 45 माणसं. चौकशीत सिम्युलेटरवर करून बघितलं: पहिल्या इशाऱ्यानंतर 24 सेकंदांपर्यंत ओढलं असतं तरी वाचले असते. चोवीस सेकंद! यंत्राने वेळ दिली, माणसाने ती घेतली नाही. आणि आपलं मंगळुरू?

काका मंगळुरूवर थोडा वेळ बोलले नाहीत. 22 मे 2010 ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान टेबलटॉप धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. 158 माणसं गेली, आठ वाचली. चौकशी आपल्याच एका माणसाने केली, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांनी. त्या अहवालात आहे ते असं: कॅप्टन प्रवासाचा बराच भाग झोपलेला होता. उतरताना विमान फार उंचावर होतं आणि फार वेगाने खाली येत होतं. यंत्र “सिंक रेट” आणि “पुल अप” सांगत होतं. आणि को-पायलटने तीनदा सुचवलं की उतरू नका, परत वर चला.

काका: तिथे डोंगराचा प्रश्न नव्हता, पण तू काढलंस ते बरोबर काढलंस. यंत्रही बोललं, शेजारचा माणूसही बोलला. एकाचंही ऐकलं गेलं नाही. तू म्हणशील यंत्राला ओढू दे. मी म्हणतो, शेजारच्या माणसाला ओढू दे. को-पायलटने तीनदा सांगितल्यावर चौथ्यांदा कंट्रोल घेतला पाहिजे, हे त्याला कुणी अंगात मुरवलं होतं का? आमच्या वेळी कॅप्टनच्या हातातून कंट्रोल घेणं म्हणजे नोकरीला रामराम. तो प्रश्न सर्किटचा नाही.

पुतणी: आणि त्याचं उत्तर पन्नास वर्षं शोधताय. मी वाट का बघू? लष्कराने वाट बघितली नाही. अमेरिकेच्या एफ-16 मध्ये 2014 पासून यंत्र स्वतः ओढतं. 2016 सालचा एक व्हिडिओ आहे, त्यांनीच प्रसिद्ध केला. ॲरिझोनात शिकाऊ वैमानिक, जोरात वळताना गुरुत्वाचा ताण आठपटीच्या वर गेला आणि तो बेशुद्ध. विमान नाक खाली करून जमिनीकडे. दुसऱ्या विमानातला प्रशिक्षक रेडिओवर ओरडतोय. माणूस ऐकण्याच्या स्थितीतच नाही. मग विमान आपलं आपण सरळ होतं आणि वर चढतं. या यंत्रामुळे दहाहून जास्त वैमानिक आज जिवंत आहेत. तुमचा नियम बेशुद्ध माणसाला पाळता येत नाही.

काका: ते कधी ओढतं?

पुतणी: अगदी शेवटच्या क्षणी. माणसाने आता वाचवायचं ठरवलं तरी शक्य नाही, अशा वेळी.

काका: का?

पुतणीने इथे जरा थांबून उत्तर दिलं, आणि माझ्या मते तिच्या प्रामाणिकपणाचा हा सगळ्यात चांगला पुरावा होता, कारण उत्तर तिच्या विरुद्ध जाणारं होतं.

पुतणी: त्या यंत्राच्या आखणीत तीन अटी होत्या, आणि त्यांचा क्रम ठरलेला होता. पहिली, अपाय करू नको. दुसरी, वैमानिकाच्या आड येऊ नको. तिसरी, टक्कर टाळ. टक्कर टाळणं तिसरं. लढाऊ वैमानिक डोंगराला घासून उडतात. यंत्राने एकदा जरी उगाच ओढलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी ते बंद केलं असतं. म्हणून ते शेवटच्या क्षणापर्यंत थांबतं, मग विमान सरळ करतं आणि पाचपट गुरुत्वाच्या ताणाने ओढतं.

काका: आणि प्रवासी विमान?

पुतणी: साधारण अडीचपट.

काका: म्हणजे माझ्या विमानाचा शेवटचा क्षण त्याच्याहून बराच आधी येतो. वळायला वेळ लागतो, इंजिनं पूर्ण जोरात यायला काही सेकंद जातात. म्हणजे यंत्राला बरंच आधी ठरवावं लागणार की हा माणूस आता वाचवणार नाही. आणि तेव्हा माणूस कदाचित वाचवणार असतोच. जितकं आधी ठरवणार तितकं जास्त वेळा चुकीचं ठरवणार. हा तुझ्याच विषयातला हिशेब आहे, माझा नाही.

पुतणी: मान्य. पण चुकीचं ओढलं तर नुकसान काय? विमान वर जाईल. वर जाण्याने कोण मरतं?

काका: 737 मॅक्स विसरलीस? ऑक्टोबर 2018 ला लायन एअर, 189. मार्च 2019 ला इथिओपियन, 157. एका सेन्सरने चुकीचा आकडा दिला आणि यंत्राने नाक खाली ढकललं, वैमानिक वर ओढतायत आणि ते परत खाली ढकलतंय.

पुतणी: ते खाली ढकलत होतं. मी वर म्हणतेय.

काका: आणि 35,000 फुटांवर? तिथे हवा पातळ, विमान आपल्या मर्यादेच्या जवळ. तिथे कारण नसताना वीस अंश नाक वर ओढलंस तर स्टॉल होईल. मागे पट्टे सोडलेली माणसं, गरम चहाच्या ट्रॉल्या.

पुतणी: 35,000 फुटांवर डोंगर कुठून येईल?

काका: इराकवरून.

दोघंही हसले, पण विषय हसण्यासारखा नाही. 2023 च्या उत्तरार्धापासून इराक, इराण, तुर्कस्तान या पट्ट्यात आणि नंतर इतरत्रही प्रवासी विमानांच्या जीपीएसला खोटे सिग्नल मिळू लागले. कुणाच्या तरी युद्धात ड्रोन आणि क्षेपणास्त्रं भरकटवण्यासाठी ते सोडले जातात आणि वरून जाणाऱ्या विमानांना त्यांचा फटका बसतो. आपल्या नागरी विमान महासंचालनालयानेही नोव्हेंबर 2023 मध्ये याबद्दल सूचना काढली. विमानाला वाटतं आपण भलतीकडे आहोत, कधी भलत्या उंचीवर. आणि पुढे बघणारी यंत्रणा नकाशात त्या खोट्या जागेपुढे डोंगर शोधते आणि सापडला की ओरडते. समुद्रसपाटीपासून दहा-अकरा किलोमीटर वर, लख्ख उन्हात, “टेरेन, टेरेन, पुल अप.” तिकडून येणारे तरुण वैमानिक सांगतात की पहिल्यांदा पोटात गोळा येतो, दहाव्यांदा येत नाही.

काका: हे बघ, मला खरी भीती याची आहे. सत्तरच्या दशकात ती डबी जशी होती, तिथे हे लोक तिला परत घेऊन चाललेत. पोरांना सवय होतेय की ओरडलं तरी काही नसतं. आम्ही तीस वर्षं घासून जी सवय लावली, आवाज आला की हात हलला पाहिजे, ती सुटतेय. सालाकचा कॅप्टन असाच होता. त्याला यंत्र ओरडल्याचं ऐकू आलं नव्हतं असं नाही. त्याला त्याचं कारण आधीच माहीत होतं, इतकंच.

पुतणी: स्मोलेन्स्क. 2010. पोलंडचे राष्ट्राध्यक्ष होते विमानात, 96 माणसं. तो विमानतळ यंत्राच्या यादीतच नव्हता. म्हणजे तिथे उतरताना यंत्र ओरडणारच होतं, धुकं असो वा ऊन.

काका: आणि त्या दिवशी धुकं होतं.

इथे मला माझं मत सांगायचा मोह आवरत नाही. दोघांना वाटतं आपलं भांडण माणूस की यंत्र यावरून आहे. मला तसं दिसत नाही. त्या शेवटच्या सेकंदांत कुणी विचार करू नये, यावर दोघांचं एकमत आहे. काका माणसाला आधी घासून घासून असा करू बघतात की त्याने न विचारता ओढावं. पुतणी तोच निर्णय आधी लिहून यंत्रात घालू बघते. दोन्हीकडे डोकं वापरायचं ते जमिनीवर, शांतपणे, काही वर्षं आधी. फरक इतकाच की काकांचा निर्णय रोज थोडा थोडा झिजतो, आणि पुतणीचा झिजत नाही पण त्याला इराकवरचं आकाश आणि खरा डोंगर यांतला फरक आपण आधी सांगितला असेल तरच कळतो. मी प्रवासी आहे. मला काकांचा नियम बरा वाटतो, पण तो पाळणारा काकांसारखा असेल या भरवशावर.

पुतणी: आपण यंत्राला दुसरा साक्षीदार द्यायचा. रेडिओ अल्टिमीटर म्हणतोय खाली काही नाही, आणि नकाशा म्हणतोय डोंगर, तर ओढायच्या आधी दोन्ही जुळले पाहिजेत. खाली बघणारे जुने इशारे जीपीएसवर चालतच नाहीत. त्यांना कुणी फसवत नाही.

काका: आणि काली? कालीला तेच जुने इशारे होते. दोन साक्षीदार जुळेपर्यंत थांबलीस तर तेरा सेकंदांवर परत आलीस.

पुतणी: हो. म्हणून सध्या ओढायचं सोडा, आमच्याकडे भांडण आहे ते बटणावर. पुढे बघणारा भाग बंद करायचं बटण असतं. खोट्या सिग्नलच्या पट्ट्यात काही कंपन्या ते दाबायला परवानगी देतात, म्हणजे निदान ओरडणं थांबतं आणि वैमानिकाची सवय बिघडत नाही. जुने इशारे चालूच राहतात.

काका: दाबलं, ठीक. परत चालू कधी करायचं?

पुतणी: पट्टा ओलांडला की. नाहीतर उतरायला सुरुवात करण्याआधी, चेकलिस्टवर.

काका: समज, विमान आखातातून पुण्याला येतंय. लोहगावच्या नैऋत्येला सिंहगड आहे, 4,300 फूट. रात्र, पाऊस. चेकलिस्टवर वाचून बटण उघडलं. त्या डबीचा उपग्रहांवर परत विश्वास बसलाय की नाही, हे वैमानिकाला कसं कळणार?

पुतणी: काही डब्या आपोआप सावरतात. काही तासन् तास चुकीच्या जागेला धरून बसतात. त्यांची वीज तोडून परत सुरू करावी लागते. सर्किट ब्रेकर ओढून.

काका: हवेत?

पुतणी: बनवणाऱ्याने तसं लिहून दिलं असेल तर हवेत. नाहीतर जमिनीवर.

काका: म्हणजे पुण्याला उतरून झाल्यावर.

पुतणी: हो.